दुखणं न्यूट्रलचं, औषध ॲपला

तुमच्या तक्रारी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच घराबद्दल बोलतोय याची खात्री होईल. डोंबिवलीतला टू बीएचके, वायरिंग बारा वर्षांची. भिंती न फोडता जुन्याच स्विचबोर्डांमागे तुम्ही टप्प्याटप्प्याने चौदा वाय-फाय रिले मॉड्युलं (फोनवरून दिवा चालू-बंद करणाऱ्या छोट्या डब्या) बसवलीत. पहिल्या दहांनी सात-आठ महिने काही त्रास दिला नाही. शेवटची चार लागल्यापासून आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा सुरक्षा-स्विच) उडायला लागला, तोही दिवसा नाही, दिवेलागणीनंतर. बेडरूमचा एलईडी बंद केला तरी मिणमिणत राहतो. रात्री लाईट जाऊन आली की घरभर दिवे लागतात आणि आई दचकून उठतात. पावसात तासभर लाईटने जा-ये केली त्या दिवशी दोन मॉड्युलं सगळं विसरून कोरी होऊन बसली. टीव्हीच्या बाजूचं मॉड्युल दिवसातून चार वेळा ऑफलाइन जातं. आणि गॅलरीतला साडेसहाचा दिवा रात्री बाराला लागतो.

यावर तुम्ही केलेले उपाय: ॲप तीनदा काढून परत घातलं, राउटर बदलला, आणि आता सगळी सिस्टिम काढून दुसरी घ्यावी का असं विचारताय. घेऊ नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय. सहापैकी निदान तीन तक्रारी भिंतीतल्या आहेत. नवी सिस्टिम त्याच भिंतीत बसणार आणि तेच रडगाणं गाणार. मी २००१ पासून वायरिंग करतोय, ऑटोमेशनची कामं गेली नऊ-दहा वर्षं. फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "बोर्ड उघडून बघितलात का?" शंभरातल्या नव्वदांचं उत्तर "नाही" असतं. फोनवर बसून भिंतीतला दोष शोधणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

आता आरसीसीबी. तुमच्या सगळ्या पत्रातला हाच एक मुद्दा जिवावर बेतणारा आहे, म्हणून यावर जरा बसू.

तुम्ही लिहिलंय की पहिली दहा मॉड्युलं ज्या बोर्डांत आहेत तिथे सॉकेटही आहेत, आणि शेवटची चार पॅसेज, बाथरूमबाहेर, पलंगापाशी आणि गॅलरीच्या दारात, म्हणजे जिथे नुसते स्विच आहेत तिथे. इथेच मला शंका आली. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये नुसत्या स्विचच्या बोर्डात न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) आणतच नाहीत. फेज (वीज घेऊन येणारी वायर) खाली येतो, स्विचमधून परत दिव्याकडे जातो, आणि दिव्याचा न्यूट्रल वरच्यावर छतातूनच निघून जातो. साध्या स्विचला न्यूट्रलचं काही काम नसतं. पण मॉड्युल हे स्वतःच एक छोटं उपकरण आहे. त्याला चोवीस तास जागं राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. मग न्यूट्रल नसलेल्या बोर्डात ज्या माणसाने मॉड्युल बसवलं त्याने काय केलं असेल? मेटल बॉक्सला लावलेली हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर काढून मॉड्युलच्या 'एन'मध्ये घातली असेल. अर्थवर मॉड्युल चालू होतं, ॲपमध्ये दिसतं, दिवा लागतो. मीटर लावला तरी फेज आणि हिरवीत २३० व्होल्टच दाखवतो, न्यूट्रलसारखाच. गिऱ्हाईक खूश, माणूस पैसे घेऊन गेला.

हे लगेच का उघडकीला आलं नाही, याचा हिशोब बघा. आरसीसीबी फक्त एक गोष्ट करतो: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, ते मोजतो. अर्थमध्ये गेलेला प्रवाह त्याच्या दृष्टीने हरवलेला असतो. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा. नियमाप्रमाणे तो १५च्या खाली उडता कामा नये आणि ३०ला उडालाच पाहिजे; मधे कुठे उडेल ते त्या त्या नगावर. एक मॉड्युल रिकामं बसलेलं असताना साधारण अर्धा वॅट घेतं. त्याचा पॉवर फॅक्टर खराब असल्याने, म्हणजे वॅटच्या मानाने ते जास्त प्रवाह ओढत असल्याने, प्रवाह ४ मिलिअँपिअरच्या आसपास जातो. एकाने काही होत नाही, दोनने नाही. चार झाली की १६. त्यात फ्रिज, वॉशिंग मशिन, टीव्हीची नेहमीची थोडी गळती. आता संध्याकाळी दिवे लागले. रिलेची, म्हणजे मॉड्युलच्या आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचची, कॉइल ओढली गेली की प्रत्येक मॉड्युल आणखी थोडा प्रवाह घेतं. चौघांचे मिळून सहज पंचविशीला टेकतात. म्हणून दिवसा शांत आणि दिवेलागणीला धाडकन. तुम्हाला वाटलं, ॲपमधला संध्याकाळचा सीन (एकदम दिवे लावणारी आज्ञा) चालला की काहीतरी बिघडतं. सीन बिचारा निर्दोष आहे.

यात उडणारा आरसीसीबी हे संकट नव्हे, तो तुमच्यावर उपकार करतोय. खरं संकट वेगळं. ती हिरवी वायर पुढे कुठे तुटलेली किंवा सैल असेल, तर तुटीच्या अलीकडचं सगळं अर्थिंग मॉड्युलमधून आलेल्या फेजवर लोंबकळत राहतं. पॅसेजच्या बोर्डाचा मेटल बॉक्स, त्याच अर्थवर असलेला गिझर, वॉशिंग मशिनचं अंग. ओल्या पायाने हात लावला की झिणझिण्या. आरसीसीबीच सारखा उडतो म्हणून तो काढून साधा आयसोलेटर (गळती न ओळखणारा नुसता स्विच) घालून देणारे महाभाग मी बघितले आहेत. तसं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

तपासायचं कसं? मेन बंद करून पॅसेजच्या बोर्डाची प्लेट काढा आणि 'एन'मध्ये कोणत्या रंगाची वायर आहे ते बघा. पण रंगावर आंधळा विश्वास नको. काळी वायर संपली म्हणून लालच न्यूट्रलला वापरलेली, किंवा स्विचचा परतीचा फेज काळ्या वायरने वर नेलेला, हे रोजचं आहे. पक्की परीक्षा परवानाधारक वायरमनकडून करून घ्या: टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याला दोन वायरी. फेज आणि संशयित वायर यांच्यात लावला. न्यूट्रल असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि आरसीसीबी गप्प बसतो. अर्थ असेल तर बल्ब पेटायच्या आत आरसीसीबी उडतो, कारण त्या बल्बला २६० मिलिअँपिअर लागतात. आणि बल्बही पेटला नाही, आरसीसीबीही उडाला नाही, तर तुमचं अर्थिंगच मेलेलं आहे; मग ऑटोमेशन बाजूला ठेवून आधी ते काम. निऑनच्या टेस्टरने हे काहीही कळत नाही. टेस्टर पेटला म्हणजे फेज, एवढंच तो सांगतो, आणि तेही कधीकधी खोटं.

उपाय दोन. जवळच्या सॉकेटच्या बोर्डातून किंवा वरच्या दिव्याच्या पॉइंटमधून त्याच पाइपातून एक चौ. मि.मी.ची काळी वायर ओढून घ्या. पाइपात जागा असेल तर तासाभराचं काम आहे. फक्त न्यूट्रल त्याच आरसीसीबीखालचा हवा. घरात दोन आरसीसीबी असतील आणि फेज एकाचा, न्यूट्रल दुसऱ्याचा घेतला, तर तोच खेळ पुन्हा. इन्व्हर्टरच्या लाइनवर असलेल्या बोर्डात हे विशेष बघा. वायर ओढली जात नसेल तर त्या चार जागी न्यूट्रल न लागणारी मॉड्युलं घ्या. ती दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढून जगतात, आणि त्यामुळे कमी वॅटचा दिवा असेल तर तो मिणमिणतो. म्हणजे आपण तुमच्या दुसऱ्या तक्रारीपाशी आलोच.

बेडरूमचा एलईडी. बंद दिवा मिणमिणण्याची कारणं मोजकी आहेत. एक, स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय. हे घातकही आहे आणि सुधारायला सोपंही. दोन, प्लेटवर निऑनचा इंडिकेटर आहे किंवा मॉड्युलच्या रिलेवर स्नबर (ठिणगी दाबणारा छोटा भाग) आहे, त्यातून चिमूटभर प्रवाह जातो. तीन, आणि बेडरूममध्ये बहुतेक वेळा हेच: दारापासून पलंगापर्यंत टू-वेच्या (एकच दिवा दोन जागांवरून लावायच्या) वायरी एकाच पाइपातून सात-आठ मीटर शेजारी-शेजारी धावतात. एकीत फेज, दुसरी मोकळी. दोन वायरी आणि मधे पीव्हीसी म्हणजे नकळत बनलेला कपॅसिटरच. त्यातून मोकळ्या वायरीवर जो व्होल्टेज येतो त्यात दम नसतो, पण हल्लीच्या एलईडीला उजळायला दम लागतच नाही. जुन्या बल्बच्या काळात हा प्रवाह असायचाच, तो दिसत नव्हता इतकंच.

मागच्या वर्षी चिंचवडला एका घरी असंच होतं. दिवा बंद, मीटर दिव्याच्या टोकांवर ७४ व्होल्ट दाखवतोय. घरातल्या मुलाचा चेहरा पडला, त्याला वाटलं मॉड्युल जळलं. मी होल्डरमध्ये एलईडीच्या जागी पिवळा बल्ब लावला, परत मोजलं: एक व्होल्टही नाही. म्हणजे खरी गळती नव्हे, नुसता फुगवटा. खरी गळती असती तर बल्ब लावूनही आकडा तग धरून राहिला असता. तुम्ही हेच करा.

औषध स्वस्त आहे. दिव्याच्या पॉइंटमध्ये, दिव्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यावर 'एक्स-२' आणि २७५ व्होल्ट एसी असं छापलेलं हवं. नुसता ४०० व्होल्ट डीसीचा घ्याल तर तो आज ना उद्या छतात फुटेल. ५० हर्ट्झला तो साधारण ३२ किलोओहमसारखा वागतो, ७ मिलिअँपिअर पिऊन टाकतो, आणि वीज जवळजवळ काहीच खात नाही. न्यूट्रल न लागणाऱ्या मॉड्युलांबरोबर जी छोटी 'बायपास' डबी येते ती याच कामाची. ती डब्यात तशीच राहून जाते, कारण ती छतात लावायला शिडी लागते. चिंचवडला मात्र मी कपॅसिटर खिशात घालून परत आलो. आजी म्हणाल्या, "राहू दे रे, रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा तेवढाच उजेड."

टू-वेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण मॉड्युलं जळण्याचं हे मोठं कारण आहे. टू-वे मॉड्युलवर घेताना दोन्ही स्विचांची जोडी मॉड्युलच्या एस-१ आणि एस-२ या टोकांमध्ये येते. ती टोकं बहुतेक मॉड्युलांत कोरड्या संपर्काची असतात, म्हणजे त्यांच्यावर बाहेरून वीज द्यायची नसते, नुसती एकमेकांना जोडायची-तोडायची. दारापाशी असलेल्या स्विचच्या कॉमनवर आधीपासून फेज असतो. तो काढायचा राहिला आणि मेन चालू केला की एक 'टप्' आवाज आणि जळका वास, संपलं. शिवाय त्या टोकांवर व्होल्टेज कमी असला तरी तो मेनपासून वेगळा केलेला नसतो. चालू असताना बोट लावायचं नाही. आणि या वायरी लांब असतील तर त्यांच्यावरही तोच फुगवटा येतो आणि मॉड्युलला वाटतं, कुणीतरी बटण दाबलं. "घरात कुणी नसताना दिवे लागतात" म्हणून मला बोलावणं आलेल्या दोन घरांत हेच निघालं. त्यातल्या एका घरी आधी नारळ उतरवून झाला होता. टास्मोटामध्ये (मॉड्युलवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, घालता येणारं फर्मवेअर) स्विच-डिबाउन्स, म्हणजे बटण खरंच दाबलंय का हे ठरवायला थांबायचा वेळ, ५० मिलिसेकंदांवरून १०० वर नेला की बऱ्याचदा भूत निघून जातं. नाही गेलं तर पलंगापाशी बॅटरीवरचं वायरलेस बटण चिकटवा आणि भिंतीतल्या त्या लांब वायरी दोन्ही टोकांना सोडवून ठेवा.

आता रात्री लागणारे दिवे. लाईट परत आल्यावर काय करायचं हे प्रत्येक मॉड्युलला सांगून ठेवावं लागतं. टास्मोटात त्याला 'पॉवर-ऑन-स्टेट' म्हणतात: ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, ३ म्हणजे जाण्याआधी होतं तसं. कंपनीच्या ॲपमध्येही मॉड्युलच्या सेटिंगमध्ये हाच पर्याय वेगळ्या नावाने असतो. मी बेडरूमला ० ठेवतो, हॉल आणि पॅसेजला ३, आणि १ कुठेच नाही.

पण तुम्ही लिहिलंय की ३ ठेवूनही दिवे लागतात. म्हणजे दुसरं कारण. तुमच्या मॉड्युलाला जोडलेला भिंतीवरचा स्विच साधा आहे, वर-खाली होऊन तिथेच राहणारा, आणि मॉड्युल त्याच्या मागे चालायच्या मोडमध्ये आहे: स्विच वर तर दिवा चालू, खाली तर बंद. समजा संध्याकाळी आईंनी बटण वर केलं आणि झोपताना तुम्ही फोनवरून दिवा बंद केला. बटण अजून वरच आहे. रात्री तीनला लाईट आली, मॉड्युल जागं झालं, त्याने बटणाकडे पाहिलं, बटण म्हणतंय चालू. झाला चालू. मोड बदलून 'प्रत्येक हालचालीला उलटा कर' असा ठेवलात तर हे थांबतं, पण मग बटणाच्या वर-खालीला काही अर्थ राहत नाही आणि आईंना "वर आहे तरी बंद कसा?" हा प्रश्न दिवसातून चारदा पडतो. माझं मत विचाराल तर मॉड्युल असलेल्या प्रत्येक जागी साधा स्विच काढून त्याच मापाचा बेल पुश घाला. दाबला, सुटला, परत जागेवर. त्याला वर नाही, खाली नाही, त्यामुळे फोन आणि भिंत यांचं भांडणच होत नाही. त्याच प्लेटमध्ये बसतो आणि साध्या स्विचपेक्षा थोडाच महाग पडतो. फर्मवेअरमध्ये त्या जागी पुश-बटणाचा मोड निवडायला मात्र विसरू नका.

कोरी झालेली दोन मॉड्युलं बिघडलेली नाहीत. छतात किंवा बोर्डात लपलेल्या उपकरणाला रिसेटचं बटण दाबायला कोण प्लेट उघडणार, म्हणून बनवणाऱ्यांनी सोय केली: ठरावीक वेळा भराभर बंद-चालू केलं की सगळं पुसून टाकायचं. टास्मोटात दहा सेकंदांच्या आत-आत सहा वेळा वीज काढून घेतली आणि सातव्यांदा चालू ठेवली की ते होतं; बाजारातल्या बऱ्याच स्मार्ट बल्बांना तीन ते पाच वेळा पुरतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या गावी पहिल्या पावसात फीडर (आपल्या भागाला वीज देणारी लाइन) कसा डोळे मिचकावतो हे त्यांना ठाऊक नसावं. टास्मोटात सेट-ऑप्शन ६५ ची किंमत १ केली की ही सोय बंद होते. मूळ फर्मवेअरवरच्या मॉड्युलांत ती बंद करता येत नसेल, तर ते बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि सगळ्या मॉड्युलांच्या सेटिंगची एक प्रत काढून ठेवा. मी घरमालकाच्या वीजबिलाच्या फाइलमध्येच तिची प्रिंट लावतो, ती फाइल कधी हरवत नाही.

टीव्हीशेजारच्या मॉड्युलाबद्दल तुम्ही राउटर बदललात, पण मॉड्युल कशात बसलंय ते बघितलंत का? जुन्या बोर्डांचे बॉक्स लोखंडी पत्र्याचे असतात. पाच बाजूंनी पत्रा, समोरून प्लेट, आणि बहुधा तिच्यासमोर टीव्हीचा पाठीमागचा भाग. रेडिओ लहरींसाठी ही पेटीच झाली. ॲपमध्ये किंवा राउटरच्या पानावर त्या मॉड्युलचा सिग्नल बघा: शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, उणे ६० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे गेला की ते येत-जात राहणारच. मॉड्युल पत्र्याच्या तळाशी न कोंबता प्लेटच्या मागे, पुढच्या बाजूला ठेवलं तरी आठ-दहा अंकांनी फरक पडलेला मी पाहिलाय. वायरी कमी लांबीच्या असल्या तरी या एका कामासाठी त्या वाढवायला हरकत नाही.

राउटरमध्ये: ही मॉड्युलं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. २.४ आणि ५ चं एकच नाव ठेवून राउटरला 'तूच ठरव' म्हणू नका, २.४ ला वेगळं नाव द्या. चॅनेल 'ऑटो'वर नको, १, ६ किंवा ११ पैकी जो शेजाऱ्यांनी कमी व्यापलाय तो, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. डोंबिवलीच्या सोसायटीत हॉलमध्ये उभं राहिलं तर तीसेक नेटवर्कं दिसतात, त्यात ४० ची रुंदी घेणं म्हणजे लोकलच्या दारात बॅग घेऊन उभं राहणं. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर असेल तर जुनी मॉड्युलं जोडलीच जात नाहीत, डब्ल्यूपीए-२ ठेवा. प्रत्येक मॉड्युलला राउटरमध्येच कायमचा आयपी पत्ता बांधून द्या. आणि राउटर व फायबरची डबी या दोन्हींना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. लाईट आली की मॉड्युलं काही सेकंदांत जागी होतात, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात; तोवर काही मॉड्युलं कंटाळून जोडणीच्या मोडमध्ये जाऊन बसतात.

पुढे आणखी पंधरा-वीस पॉइंट करायचे असतील तर ते झिगबीवर (अशा उपकरणांचं वाय-फायपेक्षा वेगळं वायरलेस नेटवर्क) करा, सगळा भार वाय-फायवर नको. झिगबीही २.४ वरच आहे, पण वाय-फाय १, ६, ११ वर ठेवलंत तर झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनेल त्यांच्या फटीत बसतात. झिगबीशी बोलणारी यूएसबी काडी, म्हणजे डोंगल, थेट सिस्टिम चालवणाऱ्या मिनी पीसीच्या यूएसबी-३ पोर्टात खोचू नका, त्या पोर्टचाच गोंगाट २.४ वर पडतो. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून लांब ठेवा. न्यूट्रलवर चालणारी झिगबी मॉड्युलं एकमेकांचे निरोप पुढे नेतात, न्यूट्रल न लागणारी बहुतेक नेत नाहीत, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्या.

गॅलरीचा दिवा सगळ्यात सोपा. साडेसहाचा दिवा बाराला लागतो, म्हणजे बरोबर साडेपाच तास उशीर. मॉड्युल ग्रीनिचच्या वेळेवर चाललंय. टाइमझोन +०५:३० टाका. पण त्याही पुढे जाऊन ठरलेल्या वेळेऐवजी सूर्यास्तावर लावा. तुमच्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैत सव्वासातनंतर, एकच वेळ वर्षभर कशी चालेल? त्यासाठी अक्षांश-रेखांश भरावे लागतात. टास्मोटात ते आधीपासून पॅरिसचे, चक्क आयफेल टॉवरचे भरलेले असतात. मी स्वतः एकदा ते बदलायला विसरलो आणि एका गिऱ्हाइकाचा तुळशीपुढचा दिवा महिनाभर पॅरिसच्या सूर्यास्ताला लागत होता. दिवाळीत आकाशकंदील त्याच पॉइंटवर घेणार असाल तर हे आत्ताच करून टाका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत बाथरूमबाहेरच्या बोर्डात गिझरची वायरही १० अँपिअरच्या मॉड्युलातून गेलेली दिसतेय, आणि टर्मिनलपाशी प्लॅस्टिक तपकिरी झालंय. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. मॉड्युलवर छापलेले १० अँपिअर हे कागदावरचे. बंद बॉक्समध्ये, अर्धा तास सलग, एवढ्याशा स्क्रूच्या टर्मिनलवर नाहीत. गिझर आजच सरळ त्याच्या जुन्या १६ अँपिअरच्या स्विचवर परत घ्या. फोनवरून चालवायचाच असेल तर मॉड्युलने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या रिलेची) कॉइल ओढायची आणि गिझरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा. तसंच हॉलमधला नवा पंखा बीएलडीसी (स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर मोटर चालवणारा) आहे असं म्हणालात. त्याला रेग्युलेटरचं मॉड्युल लावू नका, नुसता चालू-बंदचा रिले द्या आणि वेग त्याच्या रिमोटवरच राहू दे.

सगळं झालं की एक परीक्षा घ्या. राउटरची पिन काढा, तुमचा फोन आईंच्या हातात न देता लांब ठेवा, आणि त्यांना घरभर फिरून प्रत्येक दिवा एकदा लावायला-बंद करायला सांगा. जो दिवा त्यांच्या बटणाला ऐकणार नाही, त्याचं काम अजून बाकी आहे.

रविवारी वायरमन आला की सुरुवात गिझरपासून, मग लगेच पॅसेजचा बोर्ड. तिथे 'एन'मध्ये हिरवी वायर निघाली तर उरलेले तीन बोर्ड त्याच माणसाने त्याच आठवड्यात केलेत. तिथेही हिरवीच निघणार असं धरून तीसेक मीटर काळी वायर आधीच आणून ठेवा.